डोळे राखायचे म्हणून

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधीच सांगते, आजी ठीक आहे. नाहीतर पुढचं न वाचताच तू साइट ऑफिसच्या फोनकडे धावशील.

परवा ती जिन्यावरून पडली. डोक्यावर खुर्ची होती. वाचनालयाच्या खुर्च्या आल्यात विणायला, आणि मी दुकानातून घरी येईपर्यंत थांबायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. आवाज ऐकून खालच्या शिंपीणबाई धावल्या. बघतात तर आजी पायरीवर बसलेली, गुडघा सोललेला, आणि खुर्ची उलटी करून तिचा पाय हलवून बघतेय. बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा पाय बघा आधी." तर म्हणते, "माझा पाय माझा आहे. खुर्चीचा पाय लोकांचा आहे."

हाड मोडलेलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा पडल्या तर खुबा जाईल आणि मग अंथरूणच. आजीनं ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही, कारण तेवढ्यात तिनं डॉक्टरांना त्यांच्या खुर्चीवरून उठवलं होतं. वीण सैल झालीय म्हणे. येताना ती खुर्चीही आमच्याबरोबर घरी आली.

ऐंशीला टेकलीय ती. दिवसभर ओल्या वेतात हात, पाठ अशी वाकलेली की उभी राहिली तरी बसल्यासारखीच वाटते. मी ओरडले, रडले, अबोला धरून पाहिला. हसते आणि म्हणते, "खालून पट्टी दे." तुझंच ऐकेल ती. काहीतरी सुचव.

तुझी,
चिमणी


११ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

पत्र बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून वाचलं. आतल्या दिव्यांची लाइन माझ्याकडे आहे, त्यामुळे दिवसाउजेडी मी अंधारात असतो आणि अंधार पडला की झोपलेला असतो.

"खालून पट्टी दे" वाचलं आणि आतून हललो. आपण दोघं खुर्चीखाली आडवे पडायचो आणि ती सांगेल त्या भोकातून वेताची पट्टी वर सरकवायचो, आठवतं? वरून तिचा चेहरा त्या जाळीतून तुकड्यातुकड्यांनी दिसायचा. माझे आईबाबा ट्रकवर महिना महिना बाहेर, आत्या, म्हणजे तुझी आई, गेलेली, आणि ही बाई दोन पोरांना खुर्चीखाली ठेवून काम करायची, म्हणजे पोरंही डोळ्यांसमोर आणि कामही. शाळेत मला कुणी विचारलं की तुझी आजी काय करते, तर मी सांगायचो, गावाला बसवते.

आजोबांचा हात कारखान्यात गेला तेव्हा तिला यातलं काहीच येत नव्हतं, हे तुला ठाऊक आहे का? घरातली एक फाटकी खुर्ची तिनं पट्टी पट्टी उसवली, कुठली कुठून आलीय ते बघत, आणि तशीच पुन्हा विणली. पुढची पंचावन्न वर्षं उठलीच नाही. पुरे झालं आता. तिला कुणीतरी उठवायलाच हवं.

आपल्या सांगण्यानं ती थांबणार नाही. पडायची भीती तिला नाही, दुखायचीही नाही. तिला एकाच गोष्टीची भीती आहे. शेजारचे ते म्हातारे गृहस्थ आंधळे झाले तेव्हा ती किती दिवस नीट जेवली नव्हती, आठव. आणि तू चष्म्याच्या दुकानात आहेस. नंबर काढायला म्हणून तिला घेऊन जा आणि सांग, डोळ्यांची नस झिजलीय, बारीक काम चालू ठेवलंस तर दिसायचं बंद होईल. तुझा शब्द ती मोडणार नाही. खोटं आहे, पण तिच्या भल्याचं आहे.

माझं नाव मात्र काढू नकोस. आपण मिळून काही ठरवलंय असा वास जरी आला तरी ती ऐकायची नाही. एप्रिलमध्ये मी येतोच आहे. तोवर तिला आरामाची सवय झालेली असेल.

तुझा,
दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सांगितलं.

मालक जेवायला गेले होते. आजी ठेवणीतले कपडे घालून आली होती, जणू लग्नालाच निघालीय. मी तपासणीच्या फ्रेममध्ये काचा घालत गेले आणि ती वाचत गेली. खालची शेवटची ओळसुद्धा वाचली, आणि शाबासकीच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघितलं. दादा, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. वाचायचा नंबर सोडला तर काही नाही त्या डोळ्यांना.

मी म्हटलं, "आजी, पुढून ठीक दिसतंय, पण मागची नस झिजलीय." तू लिहिलं होतंस तेच, तसंच. माझा आवाज इतका सरळ आला की माझा मलाच राग आला. तिनं फ्रेम काढली, घडी घालून माझ्या हातात दिली. विचारलं, "आणि काम सोडलं तर टिकतील?" मी म्हटलं, टिकतील. "मग सोडलं," म्हणाली. वाद नाही, काही नाही.

घरी येऊन तिनं वेताचा भारा गुंडाळून माळ्यावर टाकायला लावला. टोचा, खुंट्या, विणायचं सगळं सामान डब्यात. वाचनालयाच्या खुर्च्या तशाच पडल्यात, एक अर्धी विणलेली. वाचनालयाच्या बाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, "माझे डोळे जाताहेत, माफ करा." पंचावन्न वर्षांत तिनं कुणाचं काम परत केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आपण बरोबर केलं ना? एवढंच लिही.

चिमणी


१० मार्च

प्रिय चिमणे,

बरोबर म्हणजे काय, तू तिचा जीव वाचवलास. इथं सगळ्यांना पेढे वाटायचे तेवढे राहिलेत. पहिले काही दिवस तिला सुनं सुनं वाटेल, ते साहजिक आहे. रेडिओ लावून दे, शिंपीणबाईंकडे बसायला धाड. माणसाला रिकामं बसायलाही शिकावं लागतं.

एक वाईट बातमी. बोगद्यात पाणी फुटलंय. पंप रात्रंदिवस चालू, आणि पंप म्हणजे वीज आणि वीज म्हणजे मी. एप्रिलची सुट्टी रद्द. मे महिन्यात नक्की. आजीला सांग, तिच्या आरामाचा हेवा वाटतोय.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

आजी डोळे मिटून बसते. मला आधी वाटलं डुलकी लागते. मागच्या पत्रात तू रिकामं बसायला शिकण्याबद्दल लिहिलं होतंस, तेव्हा मीही मनाची समजूत घातली की शिकतेय ती. सकाळी आवरून झालं की खिडकीशी बसते आणि डोळे मिटते. चहा हातात दिला तरी मिटलेलेच. चाचपत पिते.

काल शिंपीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किती राहिलंय गं त्यांचं दिसायचं?" मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, "त्या म्हणतात, जितकं बघीन तितकं संपेल. दादा यायचाय मे महिन्यात. तोवर पुरवून वापरायचं."

मी आत गेले. म्हटलं, "आजी, डोळे उघड, उघडे ठेवल्यानं काही होत नाही." म्हणाली, "तू सांगशील गं, तुझा जीव आहे माझ्यात. पण मला कळतं. तो आला की उघडते. त्याचा चेहरा नीट बघून घेते, मग गेले तरी चालतील."

दादा, हे मी नाही सहन करू शकत. मी तिला सगळं खरं सांगते. किंवा तू ये. लगेच ये. एका दिवसासाठी ये.

चिमणी


२० एप्रिल

चिमणे,

घाई करू नकोस. तू एकदम खरं सांगितलंस तर तिला धक्का बसेल, आणि पुन्हा खुर्च्या डोक्यावर घेऊन जिना चढायला लागेल ते वेगळंच. मी येतो आणि आपण दोघं मिळून सांगू, हसत हसत सांगू, म्हणजे ती रागावणार नाही.

मे जमत नाहीये. जूनच्या पहिल्या आठवड्यात. साहेबांशी बोललोय. तोवर कसंही करून निभाव.

दादा


२७ जून

चिमणे,

मी घरी होतो ते चार दिवस आपण एकदाही एकटे भेटलो नाही. मी टाळलं, तूही टाळलंस. आता इथं परत आलोय आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आजी गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी बोगद्याच्या आत होतो. सुट्टीचा अर्ज दोन दिवस खिशातच होता. साहेबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, चिमणे. मीच दिला नव्हता. आधी मार्चमध्ये पाणी फुटलं ते खरं, मेपर्यंत आटोक्यात आलं होतं तेही खरं. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. माझा चेहरा बघायला ती डोळे राखून बसलीय हे तू लिहिल्यापासून तर अजिबातच नव्हती. दर आठवड्याला वाटायचं, पुढच्या आठवड्यात होईल हिंमत.

आणि दुसरं. बाबा स्वयंपाकघरात तुला बोलले ते मी ऐकलं. मी बाहेरच होतो, पाण्याची कळशी हातात धरून. "माझी आई शेवटचा महिना शेजाऱ्यांच्या हातचं जेवली. घरात तू असताना. तू तिला काय केलंस ते तुझं तुला माहीत, मला तुझं तोंड बघायचं नाही." मला वाटलं, आता आत जावं. मी कळशी खाली ठेवली, पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

ती तुझ्या हातचं का जेवत नव्हती? तिला कळलं होतं का? खरं लिही. कितीही वाईट असलं तरी.

दादा


१५ जुलै

दादा,

तू विचारलं नसतंस तर मी लिहिणार नव्हते. तिनंच सांगू नकोस म्हटलं होतं. पण आता लिहिते.

मे महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. आजी पाणी घ्यायला उठली, डोळे मिटूनच, आणि दाराच्या चौकटीवर आदळली. कपाळाला हे एवढं टेंगूळ. तरी डोळे उघडले नाहीत तिनं. मी बर्फ लावत होते आणि ती म्हणत होती, "काही नाही गं, सवय होतेय. पुढे असंच चालायचंय." मी तिथंच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. नस झिजलेली नाही, काही झालेलं नाही, तू पडलीस म्हणून मी घाबरले आणि खोटं बोलले.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे दिसणार आहे मला?"

"हो."

"मागच्या महिन्यातही दिसत होतं?"

"हो, आजी."

"मग मला अंधारात का बसवलंस?"

मी म्हटलं, भीती वाटली, तुला काही झालं असतं तर. ती म्हणाली, "आणि मला नाही वाटली भीती? रोज सकाळी एक डोळा किलकिला करून बघायची मी, आज आहे का गेलं."

मग विचारलं, "हे तुझ्या एकटीच्या डोक्यातलं?"

मी म्हटलं, हो.

तेव्हा म्हणाली, "दादाला कळवू नकोस. फार लागेल त्याला. तो इथं असता तर त्यानं हे होऊ दिलं नसतं."

हे वाक्य मी तुझ्यापासून लपवणार होते, दादा. आयुष्यभर लपवणार होते. पण तू कळशीचं लिहिलंस, आणि माझ्यात काहीतरी फिरलं. तुझं नाव मी वाचवलं ते तुझ्यासाठी नव्हे. तिला निदान एक नातू धड राहावा म्हणून.

त्याच दिवशी तिनं माळ्यावरून वेत काढायला लावला. वाचनालयाची ती अर्धी राहिलेली खुर्ची पुढ्यात घेतली. पण हात सुटलेला होता. बोटांचे घट्टे गेलेले, कातडी मऊ झालेली. वेतानं बोटं कापली. चिंध्या बांधून विणत राहिली. मी खालून पट्टी द्यायला बसले तर म्हणाली, "ऊठ तिथून." ओरडून नाही. अगदी हळू.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागायला लागली. "हे घेऊ का?" "दिवा लावला तर चालेल का?" आणि जेवायला खाली शिंपीणबाईंकडे. मी वाढलेलं ताट झाकून ठेवायचे आणि सकाळी काढून टाकायचे. एकदा मी पाय धरले. तिनं ते सोडवून घेतले आणि म्हणाली, "तू काळ्याला पांढरं म्हणालीस तर मीही पांढरं म्हटलं असतं गं. आता तू खरं बोललीस तरी मला कसं कळायचं?"

ती खुर्ची पुरी झाली. दुसरी सुरू केली आणि ताप आला. छातीत कफ. दवाखान्यात नेलं. शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरून ठेवला होता, संध्याकाळपर्यंत. लोक म्हणाले, बघा, मायेनं धरलाय. पण तिनं मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली, दादा. तापात होती. तिनं तिच्या लेकीचा हात धरला होता. माझा नाही.

मामांना मी काय सांगणार होते? त्यांची आई माझ्या हातचं का जेवत नव्हती याचं कारण सांगायचं तर तुझ्यापर्यंत जावं लागलं असतं, नाहीतर पुन्हा अर्धं खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले.

चिमणी


६ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज दिला. साहेबांनी कारणही न विचारता सही केली. हे इतकं सोपं होतं असं आजीला कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते मला मनातही पुरं करता आलं नाही.

बाबांना ट्रकच्या अड्ड्यावर गाठलं. टायर बदलत होते. मी म्हटलं, बाबा, आजीच्या डोळ्यांचं खोटं माझं होतं. चिमणीनं फक्त तोंडानं सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही, कसले डोळे म्हणाले. मग मी पहिल्यापासून सांगितलं. तुझी पत्रं जवळ होती, ती वाचायला दिली. चाकाला टेकून त्यांनी सगळी वाचली, शेवटचं दोनदा. "तो इथं असता तर" तिथं बोट ठेवून कितीतरी वेळ बसले.

मी म्हटलं, काहीतरी बोला.

ते म्हणाले, "काय बोलू? खरं सांगितलंस, चांगलं केलंस, असं म्हणू? ज्या माणसाला सांगायला हवं होतं ते गेलं. मला सांगून काय, मी कोण?" मग पत्रांची घडी घालत, "मी तरी कुठे होतो. वर्षातून दोनदा जायचो. तिनं चहा केला की पिऊन निघायचो. आणि त्या पोरीला वाट्टेल ते बोललो."

हातही न पुसता ते शेजारच्या टपरीवर जाऊन बसले. मला बरोबर बोलावलं नाही. मी तो टायर बसवला आणि परत आलो.

माझं मन हलकं झालं असं तुला वाटेल. नाही झालं. ती मला चांगला समजून गेली, चिमणे, आणि त्या चांगल्या नातवाला मी कधी भेटलेलो नाही. तुझ्यावरचा तिचा राग निदान खऱ्या माणसावर होता. तो राग माझ्या वाटचा होता, अर्ध्याहून जास्त. तो तू एकटीनं खाल्लास.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मला घरी यायचंय. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

दादा


२४ ऑगस्ट

प्रिय दादा,

मामा आले होते. मी दुकानात असताना, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या मध्येच काउंटरसमोर येऊन उभे. मालकांना वाटलं नंबर काढायचाय, त्यांनी बसवलं. मामा बसले. मी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, कारण दुसरं काय करावं सुचेना. एक काच घातली, दुसरी घातली. विचारलं, दिसतंय का? तर म्हणाले, "मला नाही काही दिसलं, पोरी. माझ्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं आणि मला नाही दिसलं." काचेमागे डोळे भरून आले होते. मालक आत निघून गेले. बरे आहेत ते.

मग त्यांचा खरंच नंबर निघाला, लांबचा. एवढे दिवस तसेच ट्रक चालवत होते. चष्मा केलाय, पुढच्या आठवड्यात न्यायला येतील. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले. माझ्या हातचं जेवले. दोनदा भात मागून घेतला, भूक नसताना, ते मला कळत होतं.

आता तुझं. "मी तुला माफ केलं" असं लिहून पाहिलं आणि तो कागद फाडला. खोटं बोलायचा मला कंटाळा आलाय. तुझा राग येतो. भांडी घासताना येतो, बसची वाट बघताना येतो. आणि माझाही येतो, कारण तू दूर होतास, पण तिच्यासमोर बसून बोलले मी. तू लिहिलंस, राग तुझ्या वाटचा होता. असेल. पण ती माझ्यावरच रागावून गेली आणि ते आता कुणालाच बदलता येणार नाही, तू इथं येऊन कितीही रडलास तरी. हे समजून यायचं असेल तर ये.

रोज कुणीतरी दुकानात येतं आणि आजीबद्दल काही सांगतं. परवा न्हाव्याच्या दुकानातले आले होते, म्हणे त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिनं एकदाही सांगितलेला दिवस चुकवला नाही. मी ऐकून घेते. मान हलवते. त्यांच्याशी खरं बोलण्याजोगं काही माझ्याकडे नसतं. तिच्याबद्दल जे मला बोलायचंय ते ऐकू शकेल असं माणूस एकच आहे, आणि ते तिकडे बोगद्यात आहे.

सुट्टी मिळाली की ये. न कळवता आलास तरी चालेल, संध्याकाळी मी घरीच असते.

चिमणी